धार न लावलेला कोयता

पाथर्डी, २६ डिसेंबर २०२३

पंकजा,

फोनवर तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही असं मी म्हणालो होतो. पत्र लिहिणार नाही असं म्हणालो नव्हतो. तेव्हा मुकादमानं शब्द मोडला असं कोणी समजू नये, तू तर मुळीच नाही. आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून आशीर्वाद.

लिहायचं कारण असं. परवा तुझ्याशी बोलून झाल्यावर तुझी आई चुलीपुढं एकटीच हसत बसली होती. विचारलं तर आधी सांगेना, मग सांगितलं. तिकडं ऑस्ट्रेलियात गेल्यावर पहिल्या वर्षी उसाचा हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला, तशी तू खोली झाडून घेतलीस, उरलेले तांदूळ शेजारणीला देऊन टाकलेस आणि बोचकं बांधून पायरीवर जाऊन बसलीस. तुझ्या कामावरचा मालक टेरी आला आणि म्हणाला, निघालीस कुठं? आता तर ऊसतोडीचं मशीन खोलून दुरुस्त करायचं काम सुरू होतंय. तुझी नोकरी बारमाही होती आणि तू आपली ट्रकची वाट बघत बसलेली.

मीही हसलो. लपवण्यात अर्थ नाही. जन्मल्यापासून तू दर दसऱ्याला आमच्याबरोबर ऊसतोडीला गेलीस आणि पट्टा पडला की माघारी आलीस. पायांना वळण लागलेलं असतं.

पण पुढचं ऐकून हसू गेलं. यंदा पायरीवर बसली नाहीस, पण बोचकं बांधलंसच म्हणे. दोन वर्षांत खाट घेतली नाहीस, कपाट घेतलं नाहीस, एका पातेल्यात भात शिजवतेस. ते सगळं बघून टेरीनं ठरवलं की हिला काही इथं राहायचं नाही. कायमचं राहायला मिळतं त्या कागदांसाठी त्यानं तुझ्याऐवजी दुसऱ्या एका फिटरचं नाव पुढं केलं. मालकानं नाव दिल्याशिवाय ते कागद होत नाहीत, आणि तो एका वेळी एकाचंच करतो.

मी म्हणतो, बरं झालं. तुझा व्हिसा चार वर्षांचा, तात्पुरता. संपला की ये. निघताना दारात मी तुला एकच वाक्य बोललो होतो, "पट्टा पडला की माघारी यायचं, शब्द दे," आणि तू दिलास. टोळीतला माणूस मुकादमाला दिलेला शब्द पाळतो.

टोळी राहिली नाही हे मला माहीत आहे. बारा कोयत्यांची टोळी होती माझी, नवरा-बायको मिळून एक कोयता, असे बारा. ती कोणी मोडली हेही मला माहीत आहे आणि तुलाही. कारखान्यानं ऊस तोडायचं मशीन आणलं, ते भर फडात बंद पडलं, आणि आमची सगळी माणसं बांधावर उभी राहून टाळ्या पिटत होती. तेव्हा मोटारसायकलवरून कोण आलं? आयटीआय शिकलेली माझीच पोरगी. माझ्या माणसांसमोर पान्हा घेऊन तू त्या मशीनखाली शिरलीस आणि ते चालू करून दिलंस. पुढच्या वर्षी कारखान्यानं आम्हाला बोलावलंच नाही. ते मी विसरलेलो नाही.

यंदा दसऱ्याला तिन्ही कोयत्यांना धार लावून पूजा केली. माझा, तुझ्या आईचा आणि तुझा तो आखूड दांड्याचा. तोडायला कुठं जायचं नाही, तरी लावतो. आपल्या टोळीतला अजिनाथ बारामतीकडं बागाईतदाराच्या मळ्यावर कायमचा राहिला तेव्हा त्याच्या कोयत्याची मी पूजा केली, पण धार लावली नाही, आठवतं ना? आमच्या टोळीत माणूस असा सुटायचा. तुझ्या कोयत्याला धार आहे. एवढंच सांगायचं होतं.

पाकिटावर जिल्हा अहिल्यानगर लिहिलास तरी चालेल, नाव बदलणार असं जाहीर झालंय. पोस्टमन नव्या नावानंही आणतो, पण कुरकुर करतो.

सहादेव मुकादम


पाथर्डी, ११ मार्च २०२४

पंकजा,

तुझा फोटो आला. मी मागितला नव्हता. मी तुझ्या आईला एवढंच म्हणालो होतो की मशीन कसलंही असो, वीतभर बुडखा रानात सोडतं, आणि साखर सगळी बुडख्यात. जमिनीसरशी ऊस काढणं हे माणसाच्या मनगटाचं काम आहे. ती ते तुला सांगेल असं मला वाटलं नव्हतं.

फोटोत तू जमिनीवर हात पालथा टेकवला आहेस आणि शेजारी तोडलेल्या उसाचा बुडखा आहे. बुडखा तुझ्या बोटांच्या वर नाही. मी मोबाईल उन्हात नेऊन पाहिला, सावलीत नेऊन पाहिला.

नंतर घोडेगावच्या बाजारात बैल बघायला गेलो. जाताना तुझ्या आईचा मोबाईल बरोबर नेला, वेळ बघायला. तिथं आपल्या टोळीतला भिमाजी भेटला. दोघं चहाला बसलो आणि नेहमीप्रमाणे मशीनचा विषय निघाला. तो म्हणाला, "मुकादम, त्या मशीननं रान नुसतं ओरबाडून टाकलंय. माती येती, बुडखा ऱ्हातो, काय कामाचं हाय त्ये?" मी फोटो पुढं केला. त्यानं डोळे बारीक करून बघितलं.

"ह्यो काय मशीनचा न्हाई. ह्यो कोयत्याचा हाय. कुनी तोडलाय?"

"मशीनचाच हाय," मी म्हणालो. "माझ्या पोरीच्या मशीनचा."

भिमाजीनं मोबाईल शेजारच्याला दाखवला, त्यानं त्याच्या शेजारच्याला. चहाच्या टपरीवरून तो बैलांच्या दावणीपर्यंत गेला आणि मी त्याच्या मागं मागं. जो तो बुडखा बघायचा आणि मग माझ्याकडं बघायचा. बैल बघायचे राहून गेले. तुझ्या आईला मी भाव जास्त होते असं सांगितलंय, तू तेच सांग.

तुझ्या आईनं मला सगळं सांगितलंय. तिकडच्या माणसांना मशीनची पाती खाली आणायची भीती वाटायची, माती येते, दगड लागतो. तू म्हणालीस, माझे अण्णा माती न लावता बुडखा काढायचे, मशीनला का जमू नये. दोन हंगाम त्या पात्यांशी झटत बसलीस. त्यात टेरीची पाती मोडलीस, शिव्या खाल्ल्यास, आणि एकदा रागानं पान्हा फेकलास तो त्याच्याच गाडीच्या काचेवर. पान्हा फेकणं चूक. बाकी ठीक.

आता कामाचं. तो दुसरा फिटर खाणीवर जास्त पगार मिळाला म्हणून निघून गेला असं कळलं. टेरीनं तुला समोर बसवून विचारलं की तू राहणार का, नाव देऊ का तुझं. आणि तू एकोणतीस वर्षांची बाई त्याला म्हणालीस, वडिलांना विचारून सांगते! त्याला थट्टा वाटली म्हणे. या वर्षाच्या आत सांग म्हणालाय. नाही सांगितलंस तर व्हिसा संपतो आणि तू परत येतेस.

मला विचारू नको. मी काय सांगणार आहे ते तुला माहीत आहे. तू शब्द दिलायस. तू इथं आलीस तर तुझी खोली आहे, पाथर्डीत ट्रॅक्टरचं गॅरेज टाकता येईल, जागा मी बघून ठेवली आहे. शाळेजवळ आहे, वर पत्रा नवा आहे. तुझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे. हे दबाव आणायला लिहीत नाही.

फोटो अजून असतील तर पाठव. बुडख्याचे. तुझा असला तरी चालेल.

सहादेव मुकादम


पाथर्डी, १३ ऑक्टोबर २०२४

पंकजा,

काल दसरा झाला.

या पत्राआधी दोन पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. दोन्हींत तुला शब्दाची आठवण करून दिली होती. दुसरं लिहिताना तुझी आई भाकरी थापत होती. म्हणाली, "काय लिवताय ते वाचून दावा." मी वाचून दाखवलं. तिनं परात बाजूला सारली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"तुमी तिचं मुकादम हाय का बाप हाय, येकदा काय ते ठरवा. मुकादम म्हनून बांधून ठिवलीय ना? मग मुकादम म्हनूनच सोडा. बापाचं काय ते मागनं बगू."

मी म्हणालो, "ती तिकडंच राह्यली तर तुला चालंल व्हय?"

"न्हाई चालनार. रडंन मी. पर माझ्या रडन्यासाठी तिनं त्या पायरीवर बोचकं घिऊन बसायचं का?"

भाकरी करपली. ती आम्ही तशीच खाल्ली.

रात्री झोप आली नाही हे खरं आहे, पण ते जाऊ दे. सकाळी अंघोळ करून आढ्याला खोचलेले कोयते काढले. माझ्या कोयत्याला धार लावली. तुझ्या आईच्या कोयत्याला लावली. मग तुझा घेतला. तू सहावीत असताना दांडा तासून मी तो बारका करून दिला होता, तुझ्या बोटांची खूण अजून त्या लाकडावर दिसते. तो कानशीजवळ नेला आणि परत खाली ठेवला. हळद-कुंकू लावलं, आपट्याची पानं वाहिली, नारळ फोडला, आणि धार न लावता पुन्हा आढ्याला खोचला.

याचा अर्थ तुला माहीत आहे. पंकजा, तू सुटलीस.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. टोळीतली माणसं सुटायची तेव्हा मी त्यांच्या पाठीवर थाप मारून हसत निरोप द्यायचो. काल मला ते जमलं नाही. आईनं माझ्याकडं पाठ केली आणि मी तिच्याकडं. पण एक गोष्ट सांगतो. कोयता खोचून खाली उतरलो तेव्हा माझी मान ताठ होती. अजिनाथ सुटला तो दुसऱ्याच्या मळ्यावर गडी म्हणून. माझी पोरगी सुटते आहे ती कारागीर म्हणून, आणि एक देश तिला कायमची राहा म्हणतो आहे. असं या वस्तीवर कोणाचं झालंय सांग.

आता ऐक, आणि हे ऐकायचंच आहे. आजच्या आज टेरीकडं जा. त्याला सांग, मुकादमानं सोडलं. मुकादम म्हणजे काय ते त्याला कळणार नाही, तर वडील म्हण. मग घरी जा आणि बोचकं सोड. गाठ मारलेली चादर धुऊन टाक. खाट घे, कपाट घे, दोन-चार पातेली घे. भिंतीला खिळा ठोक. ऊसतोडीच्या तळावर आपण पाचटाची कोपी घालून राहायचो तेव्हा भिंतच नव्हती, खिळा कुठं ठोकणार? तुला आता भिंत आहे.

घरचा पाटा-वरवंटा आपण कधी तळावर नेला नाही, तुला आठवत असेल. तिथं तुझी आई बांधावरच्या दगडावर मिरची वाटायची. तू लहान असताना विचारायचीस की पाटा का नाही न्यायचा, आणि मी म्हणायचो, पाटा घरी असतो, तळावर नाही. का कोण जाणे, काल तेच आठवत राहिलं.

टेरी काय म्हणाला ते आईला फोन करून सांग. मी शेजारीच असेन, पण बोलणार नाही.

अण्णा


पाथर्डी, २१ सप्टेंबर २०२५

पंकजा,

मंजुरी आल्याचं तुझ्या आईला कळलं तेव्हा मी गोठ्यात होतो. ती ओरडत आली, "अवो, पोरगी पक्की झाली! पक्की झाली!" मला वाटलं लग्न ठरलं. दोन मिनिटं घोटाळा झाला. मग कळलं की पीआर आला, म्हणजे कायमचं राहायचे ते कागद झाले, आता तुला कोणी जा म्हणू शकत नाही. तुझी आई तिथंच वैरणीवर बसून रडली आणि रडता रडता हसली. मी गाईला पाणी पाजून घेतलं. बादली एकदा सांडली, एवढंच.

आपल्या वस्तीवरचा बजरंग आता पाथर्डीची जीप चालवतो. त्याला कळलं आणि संपलं. पाथर्डीच्या स्टँडवर जो जीपमध्ये चढेल त्याला आधी ही बातमी, मग भाडं. तिसऱ्या दिवशी वस्तीच्या फाट्यावर फलक लागला. पोरांनी मला विचारलं होतं, कोणता फोटो लावायचा. साडीतला लावू असं ते म्हणत होते. मी तो मशीनसमोरचा दिला, ज्यात तुझ्या गालाला ग्रीस लागलंय. वर "हार्दिक अभिनंदन", खाली तुझं नाव, त्याखाली "डिझेल मेकॅनिक, ऑस्ट्रेलिया." "सहादेव मुकादम यांची कन्या" असं त्यांनी वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ते मी खाली आणून बारीक करायला लावलं. पोरांनी स्वतःचे फोटो मात्र तुझ्यापेक्षा मोठे लावलेत. त्यातल्या एकाला पान्हा धरता येत नाही.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर पेढे वाटले. भिमाजी आला होता, टोळीतले आणखी सहा-सात जण आले होते. कोणीतरी म्हणालं, "मुकादम, बोला की दोन शबुद." मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघाली ती त्या फडातली गोष्ट.

मी सांगितलं की आम्ही सगळे बांधावर टाळ्या पिटत होतो. कंपनीचा माणूस सकाळपासून डोकं खाजवत बसला होता. ही आली, मशीनला कान लावला, खाली शिरली, आणि एक नळी बदलून बाहेर आली. मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं. पहिल्या झटक्यात! त्या दिवशी मी रागानं लाल झालो होतो, आणि त्याच वेळी छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटायची राहिली. ते मी सहा वर्षांत कोणाला बोललो नव्हतो. तुझ्या आईलाही नाही.

त्या मशीननं त्यांचंही काम गेलं होतं, हे मी विसरलो नव्हतो. मग भिमाजी म्हणाला, "मुकादम, मशीन येनारच हुतं. आपल्या पोरीनं नसतं चालू केलं तर दुसऱ्याच्या पोरानं केलं असतं. आपलीनं केलं ह्येच चांगलं झालं." आणि टाळी त्यानंच पहिली वाजवली. मग सगळ्यांनी. बांधावर वाजल्या होत्या त्यापेक्षा मोठ्या.

दसरा अकरा दिवसांवर आलाय. तुझा कोयता यंदाही पूजेला काढेन. लोक आता तो बघायला येतात. धार नसलेला कोयता बघायला येतात, याचं मला नवल वाटतं.

अण्णा


पाथर्डी, ८ डिसेंबर २०२५

पंकजा,

तुझ्या आईचा आणि माझा पासपोर्ट आला. फोटोत मी गुन्हेगार दिसतो आणि ती फौजदार. तू पाठवलेले कागद भरून झाले, आणि आम्हाला तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला. तिकडचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, तेव्हाच येतो. गाय बजरंग सांभाळणार आहे. चंदी कमी घातलीस तर जीपचं चाक काढीन असं सांगून ठेवलंय.

तीन महिन्यांचा व्हिसा म्हणजे आता तात्पुरता कोण, सांग? तू पक्की आणि मी हंगामी. पट्टा पडायच्या आधीच माघारी जाईन, शब्द देतो. हवं तर लिहून घे.

आल्या आल्या मला फडात ने. घर नंतर दाखव. बुडखा मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय, हात पालथा ठेवून. टेरीला सांग की एक म्हातारा येतोय आणि तो वाकून वाकून बघणार आहे, त्यानं मनाला लावून घेऊ नये. मला त्याच्या पात्यांविषयी एक-दोन गोष्टी विचारायच्यात. तू मध्ये उभी राहून सांगशील.

तुझ्या आईचं तयारीचं काम जोरात आहे. मिरच्या आणि मसाले नेता येतात की नाही यावरून रोज एक भांडण होतं. तिकडं विमानतळावर सामान उघडून बघतात म्हणे. बघू देत. आम्ही सगळं लिहून दाखवणार आहोत.

आता मुद्द्याचं. मढीच्या बाजूला पाथरवटाकडून नवा पाटा घडवून आणला. तुला तो द्यायचा असं मी धरून चाललो होतो. पण तुझी आई म्हणाली, "नवा पाटा वरीसभर खर सोडतो. पोरीच्या दाताखाली कचकच नगं. नवा आपुन झिजवू, जुना तिला नेऊ." ज्या पाट्यावर तुझ्या पाचवीला हळद वाटली तो पाटा आहे. तिनं तो चुलीशेजारून सरकवला तेव्हा खाली जमिनीवर त्याचा चौकोन उमटलेला होता. मी तो तसाच ठेवलाय, सारवू दिलं नाही.

घासून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवलाय. पिठाच्या गिरणीवर नेऊन वजन केलं. गिरणीवाल्यानं विचारलं, "अण्णा, पाटा दळायचाय का?" मी म्हणालो, "न्हाई, इमानानं धाडायचाय," तर त्यानं वजनाचे पैसे घेतले नाहीत. माणशी जेवढं सामान नेऊ देतात त्यात माझ्या वाट्याचं सगळं पाट्यातच जातं. वरवंटा तुझ्या आईच्या पिशवीत. म्हणून मी अंगावरच्या कपड्यांनिशी येतोय. कपाट घेतलंस ना? त्यात माझ्यासाठी दोन सदरे आणून ठेव, बाही लांब.

विमानतळावर तू समोर येशील तेव्हा मी काय करीन ते मला माहीत नाही. चार वर्षांत मी घरात असलो की तुझा आवाज ऐकला, आई फोन मोठ्यावर ठेवायची, ही तुला माहीत नसलेली गोष्ट. मी मात्र फोनवर एक अक्षर बोललो नाही. शब्द पाळला.

समोरासमोर बोलणार नाही असं मी कधीच म्हणालो नव्हतो. वेळ काढून ये.

तुझा अण्णा